तारली: आठ दिवस

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
युरिक ॲसिड नऊ पॉइंट दोन. डॉक्टर म्हणाले, गाऊट. उजव्या पायाचा अंगठा दुखतो तो त्यामुळेच. तारलीसारखी मासळी, शिंपल्यातली कालवं, कलेजी, बिअर, सगळे संशयित. पण प्रत्येकाचा ट्रिगर वेगळा असतो म्हणाले, तेव्हा एक वही करा, काय खाल्लं आणि कधी दुखलं ते लिहा, तुमचा तुम्हाला सापडेल. मी म्हटलं, एस.टी.च्या रत्नागिरी आगारात एकतीस वर्षं कंट्रोलर होतो, आली गाडी गेली गाडी मिनिटासकट लिहिली, एका अंगठ्याचं काय घेऊन बसलात.
आजपासून मासळी बंद. मटण बंद. दुधी, पडवळ, ताक. निश्चय पक्का.
बायको, सगुणा, पनवेलला मुलाकडे, ऋत्विककडे आहे, नातीला, ईशाला, सांभाळायला. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला चौदा महिने झाले. याचा पायाशी संबंध नाही. वहीत सगळं असावं म्हणून लिहिलं.

१० जानेवारी, शुक्रवार
पाय: उत्तम. जेवण: दुधी. कालही दुधी.
सगुणाचा फोन. पाय कसा आहे विचारलं. बरा आहे म्हटलं. बरं झालं म्हणाली, ईशा रडत्येय, ठेवते. एक मिनिट चाळीस सेकंद.
डाएट शंभर टक्के यशस्वी. सांगायला घरात कोणी नाही, ते सोडा.

१५ जानेवारी, बुधवार. दुपारी २
विचार केला. डॉक्टरांनी ट्रिगर शोधा म्हटलंय. न खाता कसा सापडणार? दुधी खाऊन दुधी निर्दोष आहे एवढंच सिद्ध होतं. टेस्ट करायला हवी. शेजारच्या गोदावहिनी मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात निघाल्या होत्या, त्यांनी आपणहून तारली आणली. (पिशवी मी दिली होती.) तिरफळं घालून कालवणही करून दिलं. सहा खाल्ल्या. चवीसाठी नाही, शास्त्र म्हणून.

१७ जानेवारी, शुक्रवार. पहाटे ५.२०
आला. अंगठा वांग्यासारखा झालाय. चादर लागली तरी ओरडतो. दुखणं दहापैकी नऊ.
सकाळी ७.३०
सात वाजता पनवेलला फोन. बावीस मिनिटं बोललो, म्हणजे ती बोलली. परत तारली खाल्लीनीत? किती वेळा सांगायचं? लहान काय तुम्ही आता? असं सगळं. मग म्हणाली, उद्याच्या गाडीने येते.
मी नको नको म्हटलं. दोनदा.

२० जानेवारी, सोमवार
सगुणा आल्यापासून घर घरासारखं आहे. उकड्या तांदळाची पेज. मेतकूट. संध्याकाळी माझा पाय मांडीवर घेऊन बसली, गार पाण्याच्या पट्ट्या बदलत, ईशाच्या गमती सांगत. तासभर. दुखणं आठ. फार छान दिवस गेला.
एक तक्रार. पनवेलला राहून बाई आळशी झाल्येय. नारळ खवायला गोदावहिनींना बोलावलंन. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते, सिनेमातल्या बायकांसारखा. लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडायला लावलं, मी आजारी माणूस असून. मी बोललो तसं. नुसती हसली.

२६ जानेवारी, रविवार
पाय बरा. सगुणा दुपारच्या गाडीने गेली. शिमग्यापर्यंत राहा म्हटलं. म्हणाली, श्रद्धाला नोकरी, पोरीकडे कोण बघील? मी म्हटलं, माझ्याकडे कोण बघील? म्हणाली, मग तुम्हीच या की पनवेलला. आता माझी आंब्याची चार कलमं इथे, ती कोणावर टाकून जाऊ? (यंदा मोहोर एकालाच आहे. पण आहे.)
नोंद. तारली: आठ दिवस.
तारली आयुष्यात पुन्हा नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
एका टेस्टवरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. आज कालवं. भाट्याच्या खाडीतली, ताजी. बुधवारीच का, तर बुधवारी चांगली मिळतात. बुधवारी खाल्लं की शुक्रवारी दुखतं आणि शनिवारची गाडी सापडते, हा निव्वळ योगायोग.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६
आला. अगदी वेळेवर. फोन केला.

२० फेब्रुवारी, गुरुवार
कालवं: पाच दिवस. तारलीपेक्षा सौम्य.
आज स्टेशनवर तिची बॅग मी उचलली, लंगडत. ती हात लावेना. लोक बघत होते. सुनेने लाडावून ठेवलंय असं म्हणावं तर सूनच हिच्यावर अवलंबून. समजत नाही.
कालवं बंद. आता फक्त शाकाहार.

१९ मार्च, बुधवार
शिमग्याला सगुणा येईल वाटलं होतं. ईशाला ताप आला, राहिलं. पालखी दारात आली तेव्हा ओटी गोदावहिनींनी भरली. मी खुर्चीत बसून होतो, पाय बरा असून.
आज कलेजी. सोबत एक बिअर, कारण नुसत्या कलेजीचा रिझल्ट क्लिअर येणार नाही.

२५ मार्च, मंगळवार
कलेजी अधिक बिअर: तीन दिवस. निराशाजनक.
भांडण झालं. काल जेवताना म्हणाली, अहो, खरं सांगा, मुद्दाम खाता काय हो? माझं डोकंच फिरलं. एकतीस वर्षांत माझ्या नोंदीवर कोणी संशय घेतला नाही. म्हटलं, नवरा इथे मरतोय आणि तुला हे सुचतं? तुला काय कळणार दुखणं म्हणजे काय ते! ती उठून भांडी घासायला गेली. नळ बराच वेळ चालू होता, भांड्यांचा आवाज नव्हता. बायका इमोशनल असतात.
आज सकाळच्या गाडीने गेली. जाताना पाया पडली आणि पथ्य सांभाळा म्हणाली.

१६ एप्रिल, बुधवार
तीन आठवड्यांत सगुणाचे चार फोन. सगळे दोन मिनिटांच्या आत. ती रागावली असेल तर तसं सांगावं, मी कधीचा विसरलोय.
आज शेवटची, निर्णायक टेस्ट. तारली, कालवं आणि कलेजी, तिन्ही. गोदावहिनी म्हणाल्या, भावोजी, जीव द्यायचाय काय तुम्हांस? त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. अर्ध्यातच उठून गेल्या.
या वेळी किमान पंधरा दिवस अपेक्षित आहेत.

१८ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११.४०
पाय जमिनीला टेकत नाही. दहापैकी दहा. तरी उत्साहाने सगुणाला फोन लावला.
सुनेने घेतला. श्रद्धा म्हणाली, आई झोपल्यात, हात फार सुजलेत त्यांचे. मी म्हटलं, कसले हात? ती म्हणाली, बाबा, त्यांनी तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं. गेल्या गणपतीपासून चाललंय. संधिवात, पण तुमच्यासारखा नाही, दुसरा, सगळ्या सांध्यांचा. बोटं मिटत नाहीत. रत्नागिरीहून परत आल्या की आठ-आठ दिवस ईशाला उचलता येत नाही. म्हणतात, त्यांचा पाय एवढा दुखतोय, त्यात माझं कुठे सांगू.
मी विचारलं, काय खाण्यात आलं?
खाण्याचा काही संबंध नाही, बाबा, म्हणाली. प्रवास आणि दगदग झाली की वाढतं.
मग तिनेच विचारलं, तुमचा पाय कसा आहे? आईंना उठवू का? मी म्हटलं, नको. सहज केला होता फोन.

दुपारी ३
मला कोणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मी काय तिला बोलावलं असतं?
वही पहिल्यापासून वाचली. नारळ. कप. झाकण. बॅग. सगळं माझ्याच अक्षरात, तारीखवार. मला दिसत होतं आणि मी तक्रार म्हणून लिहीत होतो. त्याच हातांनी ती माझ्या पट्ट्या पिळत होती.
आणि मी तिला म्हटलं, तुला काय कळणार दुखणं.
सगुणाचा ट्रिगर: रत्नागिरी.
फार रडलो.

२७ एप्रिल, रविवार
पायाची सूज उतरली. त्या दिवसापासून फक्त दुधी.
निर्णय घेतलाय. पनवेलला जाणार, महिनाभर तरी. १० मेचं तिकीट काढलं. सगुणाला सांगितलं तर म्हणाली, खरंच? आणि कलमं? म्हटलं, खड्ड्यात गेली कलमं. एवढी हसली. कितीतरी दिवसांनी ऐकलं ते हसणं. ईशाला फोनवर आणलंन. ती मला 'आजो' म्हणते.
हातांचा विषय मी काढला नाही. तिला सांगायचं नाही, तर नाही. तिथे गेल्यावर गुपचूप काम हातात घ्यायचं. आज विळीवर बसून नारळ खवायची प्रॅक्टिस केली. अर्धा नारळ, दोन बोटं कापली.

३० एप्रिल, बुधवार
बुधवार असून दुधी. डॉक्टरांनी युरिक ॲसिड उतरवायच्या नव्या गोळ्या दिल्या. म्हणाले, सुरुवातीला एखादा झटका येऊ शकतो. मला येणार नाही. एवढं कडक पथ्य अख्ख्या जिल्ह्यात कोणी पाळत नसेल.

७ मे, बुधवार
दुधी. एका कलमाचे आंबे उतरवून घेतले, पाच डझन निघाले. पेटी भरून दारात ठेवल्येय. नारळ आता दहा मिनिटांत खवतो. बॅग भरली. सगुणाने तीनदा फोन केला, गाडीत बसताना काय खायचं नाही ते सांगायला.

९ मे, शुक्रवार. पहाटे ५.१५
आला.
काही न खाता. वही तपासली, एकवीस दिवस दुधी, कुठेही चूक नाही. 
सकाळी ८.१५
आठला डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, नव्या गोळ्यांनी होतं असं, बोललो होतो तुम्हाला. आठ-दहा दिवस पाय खाली टेकू नका.
गाडी उद्या सकाळची आहे.

सकाळी ९.३०
सगुणाला खरं सांगावं, तर ती आजच गाडीत बसेल. ते हात घेऊन.
फोन केला. म्हटलं, यायला जमत नाही गं, आंबे उतरवायला माणूस उद्याच मिळतोय, पुन्हा मिळायचा नाही. तिने विचारलं, पाय? म्हटलं, ठणठणीत, आत्ताच भाट्यापर्यंत फिरून आलो.
म्हणाली, मला वाटलंच होतं. तुमच्याने कलमं सुटायची नाहीत. असू दे. ईशाला आजो येणार म्हणून सांगून ठेवलंय, तिला सांगते काहीतरी. आणि फोन ठेवला.
परत लावावासा वाटला. लावला नाही.

दुपारी १
सूज घोट्यापर्यंत आली. गोदावहिनी पेज घेऊन आल्या. पाय बघून म्हणाल्या, भावोजी, पनवेलला फोन करू काय? नको म्हटलं.