घोंगडं घेऊन जावा

अहो, यंदा तीन बायस्कोप पाहिले. आधी हेच सांगते. तुम्ही असता तर बाजारातून आल्यावर पायसुद्धा न धुता पहिलं हेच विचारलं असतं, "तंबू आलाय का कुठं?" तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेठच्या दुकानात तुमच्या जागी जो तरणा माणूस बसला होता, त्याच्याही मिशा पांढऱ्या झाल्या. थोरल्याचं लग्न झालं, सून आली, म्हैस दोनदा बदलली. पण तंबू यायचा तसा येतोच आहे, आणि तंबू आला म्हणजे माझ्या पोटात अजून तसंच गुदगुल्या केल्यासारखं होतं. या वयात हे कुणाला सांगायचं? म्हणून तुम्हाला.

पहिला पाहिला जुन्नरात, दिवाळीनंतर. इतिहासातला होता. घोडे, तलवारी, आणि शेवटी मावळे किल्ला चढतात. आता जुन्नरच्या माणसाला किल्ला दाखवायचा म्हणजे धाडस पाहिजे. तंबूतून बाहेर आलं की समोर खरा उभा आहे. पडद्यावरचा किल्ला कापडाचा असावा, कारण वारा सुटला की बुरूज हलायचा. मागं बसलेला एक आदिवाशांच्या वाडीतला म्हातारा म्हणाला, "चढा, चढा बिगीबिगी, किल्ला उडून जाईल!" सगळा तंबू हसला, आणि मावळ्यांनी किल्ला जिंकला ते कुणी पाहिलंच नाही. दुसरा आपल्या ओतूरलाच लागला होता, साहेबाचा. एक हडकुळा साहेब मोटारीतून पडतो, शिडीवरून पडतो, लग्नाच्या जेवणावर पडतो. त्यात वाचायचं काहीच नव्हतं. तुम्ही त्या साहेबाच्या तोंडी काय काय घातलं असतं, ते मीच मनात घालत बसले आणि दोन जागी मोठ्यानं हसले. शेजारणी बघायला लागल्या. आणि एक सांगायचं राहिलं, आता बायकांची कामं बायकाच करतात. तुम्हाला आठवतं, त्या राणीचं मनगट बघून मी म्हटलं होतं की ही तर मोटेवरची दिसते? आता तसलं राहिलं नाही. राण्या नाजूक असतात. मला उगाच चुकल्यासारखं वाटतं.

तिसऱ्याचं सांगायचं म्हणूनच खरं तर लिहायला बसले. त्याआधी मागचं थोडं बोलू द्या.

आपल्याकडं पहिला तंबू आला तेव्हाचा दिवस मला लख्ख दिसतो. मधोमध ओलं केलेलं पांढरं कापड, त्याच्या पुढच्या अंगाला पुरुष आणि मागच्या अंगाला आम्ही बायका. चित्र आम्हाला आरपार दिसायचं, पण उलटं. चित्रांच्या मधे मधे येणाऱ्या पाट्यांवरची अक्षरं तर अशी उताणी पडलेली असायची की शिकलेल्या बाईलाही लागायची नाहीत, आणि आमच्यात शिकलेली होती तरी कोण! तंबूवाल्याचा माणूस पुढं उभा राहून पुरुषांना पाट्या वाचून दाखवी. यंत्राच्या खडखडाटात आमच्यापर्यंत त्यातलं काही पोचेना. बायकांनी कालवा केला. मग तंबूवाल्यानं विचारलं, "बायकांसाठी कोण वाचील?" आणि चार जणांनी मिळून तुम्हाला पुढं ढकललं. "ह्यांना सांगा, ह्ये शेठच्या दुकानात लिवायला असत्यात!" तुम्ही "आवो, माझा घसा बसलाय" म्हणालात, ते कुणी ऐकून घेतलं नाही. कापडाच्या कडेला तुम्हाला उभं केलं. पहिल्या दोन पाट्यांना तुम्ही खाकरत खाकरत, दबल्या आवाजात काहीतरी गमतीचं म्हणालात. तिसरीला राणी रडत होती, राजा वनवासाला निघाला होता. आणि तुमचा आवाज आला, खणखणीत, "राणी म्हणती, जाताय तर जावा, पन घोंगडं घेऊन जावा. रानात थंडी लई असती!"

त्या दिवशी आमच्या बाजूला आधी हशा पिकला आणि मग सगळ्याजणी डोळ्याला पदर लावून बसल्या. कारण खरंच आहे, राजा झाला म्हणून काय झालं, थंडी वाजायचीच. तेव्हापासून गल्लीत कुणाचा नवरा कोकणात उतरू दे, नाहीतर नुसता मळ्यात दारं धरायला जाऊ दे, बाई दारात उभी राहून म्हणणार, "जाताय तर जावा, पन घोंगडं घेऊन जावा." पुढं बसणारे दोनचार शिकलेले लोक तुमच्या वाचनाला गालात हसतात, असं कापडाच्या फटीतून मला दिसायचं. मला वाटायचं ते बायस्कोपला हसतायत.

तापाची साथ आली त्या वर्षी तुम्हालाही थंडी भरून आली. घरात होतं नव्हतं ते सगळं पांघरूण मी तुमच्यावर घातलं, सगळ्यात वर घोंगडं. दात वाजत होते तरी तुम्ही म्हणालात, "राणीसरकार, घोंगडं दिलंत. आता कुठं धाडताय?" मी म्हटलं, "कुठं न्हाई. गप पडून ऱ्हावा." तुम्ही कधी कुणाचं ऐकलंय? घोंगडं इथंच टाकून गेलात. ते अजून आहे. कडेनं विरलंय, पण ऊब तीच.

पुढच्या वर्षी तंबू आला तेव्हा बायकांनी मला ओढूनच नेलं. "देवाचाच बायस्कोप हाय, त्याला काय व्हतंय?" असं शेजारच्या मावशी म्हणाल्या. तुमच्या जागी एक जण उभा केला होता, तो पाट्या अशा वाचायचा जणू पंचनामा वाचतोय. "राजा. शिकारीस. गमन करितो." बायका जांभया द्यायला लागल्या. मला मात्र एकच लागून राहिलं, की तुम्ही जे डोळ्यांनी बघून आम्हाला सांगत होता, ते आपल्यालाही बघता आलं पाहिजे. घरी आल्यावर मी पोथी काढली. श्रावणात मी म्हणायची ती सबंध मला तोंडपाठ, तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हणायची, तुम्ही पोथी पुढ्यात धरून पानं उलटायचात. आता मी एकेका अक्षरावर बोट ठेवून पाठ केलेली ओवी म्हणायला लागले. पहिली ओवी जुळायला फार दिवस गेले. मग एकदा 'ग' सापडला, तो जिथं तिथं दिसायला लागला, जसं नवीन लग्न झालेल्या पोरीला बाजारात सगळीकडं माहेरचीच माणसं दिसतात. असं करत करत मी वाचायला शिकले. चूल सारवताना बोटानं शेणात 'क' काढायची. थोरला विचारायचा, "आये, ह्ये काय?" मी म्हणायची, "नक्षी."

सून मात्र चार इयत्ता शिकून आलेली. गुणाची आहे, हात चालता आहे, पण वाचनाच्या बाबतीत पक्की मास्तरीण. मी पोथी वाचायला बसले की चुलीपाशी बसून ती चुका काढते. "सासूबाई, तिथं दंड हाय, थांबायचं आसतं." मी म्हणते, "बाई, तुझी भाकरी जळंल त्या दंडात."

तर तिसरा बायस्कोप. माघात ओझरला विघ्नहराच्या जत्रेत तंबू आला आणि खबर आली की तोच वनवासाचा बायस्कोप पुन्हा आणलाय. तुमचा पहिला. सगळी गल्ली उठली. दोन गाड्या जुंपल्या, मावशींना तर आता नीट दिसतही नाही, त्याही पुढच्या गाडीत चढून बसल्या. "मला दिसायचं काय कारन? मला घोंगड्याचं ऐकायचंय," म्हणाल्या. तंबूत शिरलो तर काय, यंदा रीतच बदललेली. बायकांनाही कापडाच्या पुढच्या अंगालाच बसवलं होतं, मधे नुसता दोर बांधून. अक्षरं सुलटी! मी मावशींच्या मांडीला मांडी लावून बसले, उजव्या हाताला सून. तंबूवाला ओरडला, "बायकांच्यात कुनी वाचणारं हाय का?" मावशींनी माझा हात धरून वर केला.

दिवे मालवले. पहिली पाटी आली. मी वाचली, अगदी लिहिलं होतं तशी. "सत्यवचनी नृपतीच्या दरबारी ऋषिवर्यांचे आगमन."

"आगं, तसं न्हाई व्हतं!" मावशी म्हणाल्या. "'आला बुवा, आता जेवन वाढा,' आसं व्हतं. तुज्या घरधन्यानं वाचलेलं मला ध्येनात हाय."

दुसरी पाटी वाचली. मागून एक जण म्हणाली, "हिला अजून नीट येत न्हाई वाचायला. ती पाटी लई गमतीची व्हती."

"सासूबाई बरोबर वाचत्यात," सून ताठ होऊन म्हणाली. "मी बी बघतीया की. तसंच लिवलंय."

आणि तेव्हा मला उमगलं. अंधारात, पडद्यावर ऋषी दाढी कुरवाळत असताना. तुम्ही शेठच्या दुकानात पोत्यांवर मोडीत नावं घालायचात. तिथंच जुन्या मुनिमाच्या हाताखाली शिकलात, शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. मोडी फर्रर्र यायची. पण पाट्यांवरचं छापलेलं बाळबोध? शेठनं वर्तमानपत्र पुढं केलं की तुमच्या डोळ्यात काहीतरी जायचं. आणि पोथी! एकदा माझा अध्याय संपला तरी तुमच्या हातात दोन पानं उरली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "छापणाऱ्यानं उगं जास्ती छापलंय." तुम्ही त्या पाट्यांमधलं एक अक्षर वाचलं नव्हतंत. एकसुद्धा नाही. मला त्या तंबूत असं हसू कोंडलं की बरगड्या दुखल्या, पण तेवढ्यात राजा उठून उभा राहिला होता. राणी रडायला लागली होती. पुढची पाटी घोंगड्याची.

लिहिलंय ते वाचलं तर सगळ्या गल्लीला कळणार की तुम्हाला वाचता येत नव्हतं. सगळ्याजणी आता परत जाताना तेच बोलणार, आणि उद्या विहिरीवर, आणि जन्मभर. तुमचं वाचलं तर सून उठून म्हणणार, की सासूबाई, हे नाही लिहिलेलं. ती म्हणणारच. तिला तिथं दंड दिसतो. पाटी आली. "हे प्राणनाथ, आपल्या वियोगे ही दासी व्याकुळ" इतकं मला दिसलं. मी घसा खाकरला, तुमच्यासारखाच, आणि मोठ्यानं म्हटलं, "राणी म्हणती, जाताय तर जावा, पन घोंगडं घेऊन जावा! रानात थंडी लई असती!"

 मी सुनेकडं बघायचंच टाळलं. मावशींनीच तिला विचारलं, "काय गं शिकल्याली, तसंच लिवलंय का?"

सुनेनं पाटी पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा पाटीकडं. पाटी तोवर गेली होती.

"व्हय," ती म्हणाली. "आन् मोठ्या अक्षरात लिवलंय."

मग जो हशा पिकला, त्यात मावशी रडत होत्या की हसत होत्या ते मला कळलं नाही. पुढच्या सगळ्या पाट्या मी तुमच्या म्हटल्या, जेवढ्या आठवत होत्या तेवढ्या. राक्षसाची, त्या उपाशी ब्राह्मणाची, हरणाची. दर पाटीला सून शेजारून हळूच म्हणायची, "बरोबर." गाडीत परतताना तिनं माझ्या अंगावर घोंगडं टाकलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "सासूबाई, चौथीच्या परीक्षेत मी आसं वाचलं आसतं तर मास्तरनी छडीच घातली आसती." मी म्हटलं, "तुझ्या मामंजींना कुणी घातली नाही, म्हणून तर ते असं वाचायचे." ती सगळ्या वाटेनं खुदुखुदु हसत होती. तुम्ही तिला कधी पाहिलं नाहीत. पाहायला हवं होतंत. तुमचं जमलं असतं.

एक मात्र कबूल करते. शेवटच्या पाटीला राजा वनातून परत येतो आणि राणी दारात उभी असते. तिथलं तुमचं मला आठवलं नाही. पार पुसून गेलं होतं. आजवर तुमचं काही विसरले असं झालं नव्हतं.  पाटी काही थांबत नाही. मग मी माझंच घातलं, "राणी म्हणती, आलात व्हय! घोंगडं तर हितंच इसरून गेला व्हता!" अहो, असा हशा झाला, असा हशा, की तंबूवाला कंदील घेऊन बघायला आला. तुमच्या कुठल्याही पाटीला इतका झाला नव्हता. मला बरं वाटलं. हे तुम्हाला तोंडावर सांगायला कसं जमलं असतं कोण जाणे.

सगळं बाळबोधात लिहिलंय. मोडी मला येत नाही. धाडलं तर तिथं तुम्ही कुणाला तरी गाठून वाचून घ्याल, आणि तो मेला लिहिलंय तसंच वाचील. तेव्हा राहू दे.