राणीचा गळा

२० ऑक्टोबर, रविवार

आज तालमीत प्रफुलचा आवाज फुटला! राणीच्या गाण्यात, मधल्याच ओळीत, एकदम बोकडासारखा. पोरं हसली. ढोलकीवाला पोचू म्हणाला, "आबाजी, नातू जवान होऊन राह्यला तुमचा. राणी दुसऱ्याले करा आता."

दुसरा कोण? आमच्या दंडारीच्या खेळात बाई उभी राहत नाही, पोरगाच लुगडं नेसतो. आणि असा गळा पार आरमोरीपर्यंत कोणाचा नाही. मंडईची जत्रा बारा तारखेला. सगळी गावं येतील.

२१ ऑक्टोबर

त्याच्या ओठावर लव आली आहे. मी कशी पाहिली नाही? तेरावंच तर चालू आहे!

२३ ऑक्टोबर

माझे गुरू वामनराव म्हणत, फुटू लागलेला गळा बंद ठेवला की फुटायचा थांबतो. माझा त्यांनी सोळाव्यापर्यंत राखला. प्रफुलला सांगितलं — मंडईपर्यंत एक शब्द नाही. शाळेतही नाही. तालमीत फक्त पावलं. दोन वेळा अडुळशाचा काढा.

सून रंजीता म्हणाली, "मामाजी, पोरगा वाढून राह्यला. त्याले काऊन छळता?"

वाढू दे ना. मंडई झाल्यावर वाढू दे.

२५ ऑक्टोबर

चिमट्याने लव उपटली. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज काढला नाही. शाबास म्हटलं. गुरुजींना उत्तर दिलं नाही म्हणून शाळेत दिवसभर उभा होता. उभा राहू दे.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

प्रफुलला त्याची बहीण रीता ओवाळत होती. म्हणाली, "काही तं बोल ना रे!"

"काय बोलू?" म्हणाला. घोगरा! मी काठी घेतली. पोटरीवर तीन दिल्या.

पोटरीवर मारायला नको होतं. नाचायचं आहे त्याला.

९ नोव्हेंबर

सवय राहावी म्हणून लुगडं नेसवून विहिरीपर्यंत चालवलं. वाटेवर त्याच्या वर्गातली पोरं बसली होती. "ए राणी, कुठी चालली?" "नवरा पाह्यला का वो बाई?" हा थांबला नाही. पदर मात्र नीट सांभाळला. गुणी आहे.

१२ नोव्हेंबर, मंडई

गेलं सगळं! मैदान भरलेलं. पोचूने ढोलकी धरली. प्रफुलने तोंड उघडलं आणि रेड्यासारखा हंबरला. पुन्हा उचलायला सांगितलं. पुन्हा तेच. माणसं हसून लोळली. पलीकडच्या गावच्या दंडारीतल्या झिंगूने शिट्ट्या मारल्या. पन्नास वर्षांचं नाव!

मी सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली दिली. म्हटलं, "फेड लुगडं." त्याने तिथेच फेडलं. घाई केली नाही. घडी घालून माझ्या हातात दिलं.

१३ नोव्हेंबर

जेवलो नाही. गुरूंचा उपाय असा कसा फसला? मी काढा कमी दिला का?

१७ नोव्हेंबर

पोचू म्हणतो, गेलेला गळा परत येत नाही, आबाजी. रडलो. पोराचा तरी काय दोष, वयच तसं.

२२ नोव्हेंबर

खळ्यावर गेलो. रचलेल्या धानाच्या पुंजण्यामागून राणीचं गाणं ऐकू आलं. तोच गळा. वरच्या पट्टीत, एक सूर हलला नाही. वाटलं, माझेच कान गेले.

वळसा घालून पाहिलं. प्रफुल गात होता. समोर रीता तोंडावर हात ठेवून हसत होती.

मला पाहून तो थांबला. घाबरला नाही. घसा खाकरला आणि त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "काय पाह्यजे, आबाजी?"