झाडलेला डोंगर

१२ फेब्रुवारी

पावसाळ्यात ओढे फुगून पूल बुडवतात. मग होळीच्या आतच झरा का आटावा? हा प्रश्न आज शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बुधीने विचारला. डोळखांबपलीकडच्या तिच्या पाड्यावरचा झरा पूर्वी अक्षय्यतृतीयेपर्यंत टिकत असे. यंदा आताच करंगळीएवढी धार!

मी उत्साहाने खडू उचलला. पूर्वी पाऊस संथ पडे, डोंगर तो सावकाश पीत असे. आता तेवढेच पाणी मोजक्या दिवसांत कोसळते. हवामानबदल!

"तुमचा फळा बराय बाई," बुधी म्हणाली, "पन पाड्यात कोंडूचंच नाव घेतात."

१५ फेब्रुवारी

पाड्यावर जाऊन आले. झऱ्यावर कोंडूची बायको हौसा हंडा घेऊन दूर उभी. सगळ्यांचे भरून झाल्यावर तिची पाळी – असे पाड्याने ठरवले आहे.

कोंडूचा गुन्हा? भाताची रोपे करण्याआधी वाफ्यावर पाला जाळतात, त्या राबासाठी त्याने ऐनाच्या झाडांच्या फांद्या तोडल्या, म्हणून झरा आटला म्हणे. दोन वर्षांपूर्वी मीच इथे चित्र काढून समजावले होते – फांद्या तोडू नका, खाली पडलेला वाळका पाला, पातेरा, झाडून न्या. सर्वांनी ऐकले, कोंडूने नाही. भातशेतामागच्या उतारावर त्याच्या वाट्याचे ऐन बोडके दिसतात, बाकीच्यांचे डेरेदार.

"आमी तुमच्या शब्दाबाहेर नाय गेलो बाई," नामा म्हणाला. पाड्यात त्याचा शब्द चालतो.

मला बरे वाटले. हौसाकडे पाहणे मी टाळले.

१६ फेब्रुवारी

डेरेदार ऐनांखालची जमीन अंगणासारखी स्वच्छ होती. काल ती मला सुंदर का वाटली?

२० फेब्रुवारी

बुधीसह पाण्याच्या बाटल्या घेऊन डोंगरावर गेले. कोंडूच्या तुकड्यात पातेऱ्याचा थर जाड. पाणी ओतले – जिरले. नामाच्या झाडलेल्या जमिनीवर ओतले – घरंगळत खाली!

कारण मला ठाऊक होते. उघड्या मातीवर थेंब आदळले की बारीक कण उडतात, मातीची छिद्रे बुजतात, पाणी वरून पळते. नववीला मी हे दरवर्षी शिकवते! झाडे वाचवण्याच्या भरात मी डोंगराचे पांघरूण काढून घेतले. त्यात पाऊस असा आततायी.

"आता काय करायचं गो बाई?" बुधीने विचारले. "कोंडूचं नाव पुसायचं का तुमचं लिव्हायचं?"

२१ फेब्रुवारी

"हवामानबदल" हे उत्तर खोटे नाही. तेच तर वाईट! तेवढे म्हणून गप्प बसले, तरी मला कोणी खोटी म्हणणार नाही.

२३ फेब्रुवारी

हौसाचा हंडा आज रिकामाच परतला. बुधीने खिचडी ढवळत, माझ्याकडे न बघता सांगितले.

२६ फेब्रुवारी

पाड्याची बैठक. दोन तांबे पाणी मागितले, तेव्हा कुरकुर झाली – प्यायला नाही अन् बाईंना खेळायला हवे! तरी सगळे उतारावर आले. दोन्हीकडे ओतून दाखवले. मग मी म्हणाले, पातेरा झाडायला मीच सांगितले होते. चूक माझी, कोंडूची नव्हे.

नामा म्हणाला, "म्हंजे दोन वर्सं आमी डोंगराला झाडू मारला, तो तुमच्या सांगन्यावरून?"

"होय."

"आनि वर आमी लोकाला सांगत फिरलो, आमचा डोंगर बघा!" तो हसला. हसू लवकर मावळले. "झरा येल का परत?"

पातेरा साठू दिला तर काही वर्षांनी थोडा वाढेल, मी म्हणाले. खात्री देता आली नाही.

१ मार्च

हौसाने आज पहिला हंडा भरला. मी कोंडूचे आभार मानायला गेले – त्याने तरी आपल्या बुद्धीने चालून पातेरा राखला! तो ओशाळला.

"नाय बाई, मलाबी झाडायचंच व्हतं. पन एकट्याच्यानं पातेरा झाडून भरनं व्हत नाय. दोन्ही साल झाडायच्या वक्ताला हौसा वीटभट्टीवर. मंग फांद्या तोडल्या."

म्हणजे हौसा घरी असती, तर अख्खा डोंगर झाडला गेला असता. ताडून पाहायला जागाच उरली नसती. आणि मी आयुष्यभर फक्त ढगांना दोष दिला असता!

आता मुलांना फळ्यावर काही दाखवणार नाही. कुठल्याही उतारावर जावे. एक तांब्या पातेऱ्यावर ओतावा, एक झाडलेल्या मातीवर. ओतताना खालच्या बाजूला अनवाणी उभे राहावे. कुठे पाय भिजतात, ते पाहावे.