पॅडवरचं कुंकू

शनि., २७ सप्टें. सातारा.
सांगलीहून दुपारी पोचले. आबा फाटकातच. बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाले, "नंदे, गाडीचा ब्रेक वरडतोय. म्होरचं पॅड झिजल्यात." प्रवास कसा झाला वगैरे काही नाही. आई असती तर तिनं आधी पाणी दिलं असतं.
संध्याकाळी पुण्याहून विजूचा फोन. "ताई, किल्ली काढून घेतलीस का?"
नाही घेतली. गेल्या महिन्यात आबा दही आणायला निघाले आणि थेट साठेक किलोमीटरवर, फलटणच्या पेट्रोल पंपावर सापडले. कशाला आलो, आठवेना. पण गाडी मात्र कडेला पट्टीनं आखल्यासारखी लावलेली, हँडब्रेक ओढलेला. विजूला फलटण दिसतं. मला तो हँडब्रेक दिसतो. माणसातलं काय आधी जातं आणि काय राहतं?

रवि., २८
पॅड घरीच बदलायचे. आबांची फौजेतली सगळी नोकरी ट्रकवर, गॅरेजवाल्यांवर विश्वास नाही. "दुसऱ्यानं बसवल्याला ब्रेक म्हंजी ऐकीव गोष्ट," म्हणाले.
मनाशी ठरवलं, विजूला न सांगता: आबांनी हे काम नीट केलं तर किल्ली त्यांच्याकडंच राहील. चुकले तर...

सोम., २९
पोवई नाक्यावरून पॅड आणले. शनिवारी मिरजेला डॉक्टरांकडं जायचंय याची आबांना आठवण दिली. "विसरायचं औषध द्यायला का आठवायचं?" एवढंच विचारलं. हसले नाहीत.

मंगळ., ३०
उजवं चाक झालं. किती मजा आली, हे कुणाला सांगू?
नट आधी ढिले करायचे, मग जॅक. "उलटं केलंस तर चाकच गरागरा फिरंल." काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवायचं. का? "जॅक घसारला तर गाडी चाकावर बसंल. तुज्यावर न्हाई."
आत एक चकती, तिला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन पॅड. चिमट्यात पापड धरावा तसे. जुने काढले. आतला बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला. असं का? "आतल्याला दाब आधी लागतो. बाहेरचा नुसता वडला जातो." हे वाक्य दिवसभर डोक्यात.
नवा पॅड हातात द्यायच्या आधी माझे तळवे उलटेपालटे करून बघितले. "तेलाचा हात पॅडला लावायचा न्हाई. लागला की पॅड मेला. मंग देव बी गाडी थांबवत न्हाई."
पॅडला ढकलणारा पिस्टन मागं दाबला, तेव्हा तिकडं बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल वर चढलं. दाब इथं, चढलं तिथं. मी धावत जाऊन दोनदा बघून आले. आबा म्हणाले, "शाळंत अशी असतीस तर!"
मग पेडल मारायला लावलं. पाय थेट तळाला! घाबरले. "मारत ऱ्हा. त्याला म्होरं यायला येळ लागतो." हळूहळू पायाखाली काहीतरी घट्ट होत आलं.
डावं चाक काढलं आणि आबा कंबर धरून बसले. "उद्या." उद्या खंडेनवमी, म्हटलं. "व्हय की. मंग परवा. उद्या हत्यार चालवायचं न्हाई."
गाडी तशीच, डावीकडून ठोकळ्यावर.
विजूला कळवलं: आबा एकदम ठीक. एकही गोष्ट विसरले नाहीत.

बुध., १ ऑक्टो. खंडेनवमी.
मी झेंडू ओवत होते. आबांनी पाटावर नट खोलायचे पाने, जॅक, पकड असं सगळं मांडलं. एकेक हत्यार तेलाच्या फडक्यानं पुसायचं, अंगठ्यानं कुंकू टेकवायचं, पुढचं घ्यायचं. फौजेची शिस्त.
माळ घेऊन गेले तर पाटावर डाव्या चाकाचे दोन्ही नवे पॅड. पुसलेले. तेलानं चकाकणारे. वर ठसठशीत कुंकू.
आबा हात जोडून उभे. चेहऱ्यावर इतकं समाधान की मी माळ घातली आणि आत आले.
विजूचा फोन उचलला नाही.

गुरु., २. दसरा.
पॅडचं दुकान पूजेपुरतं उघडलं होतं. तसलाच आणखी एक सेट आणला, पिशवीत लपवून. संध्याकाळी आबा सोनं द्यायला शेजारी गेले तशी मी डाव्या चाकाशी बसले. हातांना आपोआप येत होतं, याचं नवल. आतला पॅड बसला. बाहेरचा हातात, आणि फाटक वाजलं.
आबांनी बाजूला पडलेला पॅड उचलला. वास घेतला.
"ह्याला त्याल कुणी लावलं?"
"मी, आबा. पूजेत लागलं."
"सांगितलं व्हतं का न्हाई? तेलाचा हात..." सगळं पुन्हा, शब्दाला शब्द, देवासकट. मी मान खाली घालून ऐकलं. हे सारं त्यांच्यात जसंच्या तसं आहे. मग काल ते कुठं गेलं होतं?
बोलता बोलता थांबले. पॅड उजेडाकडं धरला. "तू कुंकू करंगळीशेजारच्या बोटानं लावतीस. आईनं शिकवल्यालं."
आपला अंगठा त्या डागावर ठेवला. बरोबर बसला.
नंतर पान्याला हात लावला नाही. ठोकळ्याशेजारी बसून राहिले. "आवळ. आजून. बास." एवढंच. मलाच पेडल मारायला लावलं.
आत गेल्यावर आपट्याचं पान दिलं. त्यावर तेलाचा डाग.

शनि., ४. मिरज, दवाखान्याच्या बाकावर.
सकाळी विजूचा मेसेज: किल्ली? उत्तर दिलेलं नाही.
आबा इस्त्रीचे कपडे घालून आले आणि आपणहून डावीकडं बसले. मी चालवत असताना आजवर कधी बसले नव्हते. किल्ली त्यांच्या खिशात. "आदी पेडल मार." मारलं. "घट?" "घट्ट." तेव्हा किल्ली पुढं केली. "मिरजेपतूर."
कराडच्या अलीकडं एकदम ट्रॅक्टर आडवा आला. दाबला ब्रेक. आवाज नाही, ओढ नाही, गाडी सरळ थांबली. आबा डोळे मिटून ऐकत होते. "बरं बसवलंस," म्हणाले. कुणाला म्हणाले, कळलं नाही. "बसवलंय" असंही असेल.
आता ते आत आहेत. किल्ली माझ्या मुठीत गरम झालीये.
आत जाताना दारात वळले. "नंदे, माघारी जाताना गाडी कुणी चालवायची, ते डाक्टरला इचारू नगंस. मला इचार."