दोन दगड आणि एक अ‍ॅम्प्लिफायर

२ सप्टेंबर

फसले. चांगलीच फसले!

सकाळी समुद्राकडच्या रस्त्यावर एका बाईने गॅरेजमधलं जुनं सामान विकायला मांडलं होतं. तिथून दोन दगड उचलून आणले. म्हणजे खरे दगड नव्हेत — अंगणात ठेवायचे स्पीकर, दगडाच्या आकाराचे. "ऊन असो, पाऊस असो, यांना काही होत नाही," बाई म्हणाली. घरी आणून आंब्याखाली मांडले, फोनवर गाणं लावलं, आणि वाट बघत बसले. दगडासारखे गप्प! उलटेपालटे करून बटण शोधलं. बटण नाही. प्लग नाही. मागून नुसत्या दोन-दोन वायरी लोंबतायत. बाईला फोन केला तर म्हणते, "अहो, त्यांना अ‍ॅम्प्लिफायर लागतो! हे नुसतं तोंड. फुप्फुसं वेगळी घ्यायची."

मग हे पैसे घेण्याआधी सांगायचं की, बाई!

३ सप्टेंबर

खरं कारण लिहून टाकते. इथे वाचणार कोण आहे?

वीस तारखेला नेव्ह कायमचा घरी येतोय. निवृत्त. बावीस वर्षं आमचा संसार असा — दोन आठवडे तो तिकडे कोळशाच्या खाणीत, एक आठवडा इथे घरी, ऑस्ट्रेलियाच्या या टोकाला मॅकायला. त्या आठवड्यातले पहिले दोन दिवस झोप, मग गवत कापणं, मग बोट घेऊन मासे. उरलेल्या वेळात मी बोलते आणि तो माझ्या तोंडाकडे बघत बसतो. ही बया कधी थांबते याची वाट बघत असणार! अलीकडे तर जास्तीच्या पाळ्या मागून घेतो. नवरा खाणीत राहायला अर्ज करतोय म्हणजे बायकोने काय ते समजावं.

आता रोज सकाळी, रोज संध्याकाळी समोरासमोर. काय बोलायचं? मला भीती वाटते. सरळ भीती.

म्हणून अंगणात गाणी हवीत. गाणी चालू असली की गप्प बसलेली माणसंसुद्धा मजेत बसल्यासारखी दिसतात.

५ सप्टेंबर

शाळेचं कँटीन बंद करून रेडिओ-स्पीकरच्या दुकानात गेले. चष्मेवाल्या मुलीने विचारलं, "किती वॉट हवेत?" मी म्हटलं, "अंगणापुरते." "किती ओहमचे स्पीकर आहेत?" मी म्हटलं, "दगडाचे." ती हसली नाही. भल्या माणसांच्या दुकानात हसतात.

तिने दाखवलेल्या पहिल्या पेटीच्या किमतीत मला नवा फ्रिज आला असता. "स्वस्तातलं नाही का?" तर म्हणे आधी दगडाच्या बुडाशी काय लिहिलंय ते बघून या. हात हलवत परत आले. बहिणीला, कोरालीला, फोन केला. ती म्हणाली, "आधी नवऱ्याशी बोल, मग दगडांशी." तिला सगळं सोपं वाटतं. तिचा नवरा न्हाव्यापेक्षा जास्त बोलतो.

बुडाशी लिहिलंय — आठ ओहम. असेनात का!

७ सप्टेंबर

काउन्सिलची गाडी मोठा कचरा उचलायला येणार म्हणून सगळ्या गल्लीने आपापलं भंगार रस्त्याकडेला काढलंय. कोपऱ्यावर तुटक्या पलंगाशेजारी अ‍ॅम्प्लिफायर! मोठा, चंदेरी, बटणंच बटणं. फुकट! दगडापेक्षा वीट मऊ, पण ही वीट निम्म्या डुकराएवढी जड. ढकलगाडीत घालून आणला. कुंपणापलीकडून विन्स झामिट बघत होता. ऊस गेला, जमीन विकली, आता हा माणूस पूर्णवेळ शेजार करतो.

"डेलिस, कँटीन सोडून भंगाराचा धंदा धरलास का?"

"तू तुझ्या कोंबड्या बघ!"

प्लग लावला. फट्ट! घराची वीज गेली, आणि जळक्या मासळीचा वास. विन्स स्क्रूड्रायव्हर घेऊन कुंपण ओलांडून आला. झाकण काढलं. आत दोन पाली — एक जुनी, वाळून कागद झालेली. दुसरी आजची. "सुकट," विन्स म्हणाला. "मसाला आहे का?"

अ‍ॅम्प्लिफायर परत पलंगाशेजारी नेऊन ठेवला. भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत.

८ सप्टेंबर

नेव्हला फोनवर पालीचा किस्सा अगदी रंगवून सांगितला. तो म्हणाला, "हं. बरं. जेवलीस का?" हसला नाही. एवढुसंसुद्धा नाही. ठेवून दिला फोन.

११ सप्टेंबर

घेतला एकदाचा! सँडविचच्या डब्याएवढा आहे. ऐंशी डॉलर. खोक्यावर शंभर-शंभर वॉट लिहिलंय. चष्मेवाली म्हणाली, ते मनावर घेऊ नका, खरे तीसेक धरा. म्हणजे खोक्यावरचे वॉट हा गळवाल्याने सांगितलेला मासा! पण दोन दगडांना तीस पुष्कळ. "दोनच जोडा हं. तिसरा-चौथा जोडलात तर याला धाप लागेल, तापेल आणि बंद पडेल." मग दमट हवा, मुंग्या, पाली यांपासून लांब ठेवायचा म्हणे. या गावात राहून! कपडे धुवायच्या खोलीत सगळ्यात वरच्या फळीवर जागा केली. वायर खिडकीतून.

मुलगी वाईट नाही. आज हसलीसुद्धा.

१२ सप्टेंबर

वाजला! पण कसा? रिकाम्या बादलीत तोंड घालून गायल्यासारखा. तासभर बटणं पिळली. शेवटी विन्सला हाक मारली. त्याने एकदा बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "एका दगडाचं लाल-काळं उलटं जोडलंयस, बाई! एक ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय. असा संसार होतो का कुठे?"

वायरी बदलल्या. काय सुरेख आवाज! मी आंब्याखाली एकटीच नाचले. विन्सने बघितलं. बघू दे.

१४ सप्टेंबर

आवाजाची हद्द ठरली. बटण पाव फिरवलं की विन्सला त्याच्या स्वयंपाकघरात शब्द न् शब्द कळतो. अर्ध्यावर नेलं तर तो कुंपणाशी येऊन शिव्या देतो, त्या गाण्यावरूनही ऐकू येतात. तेव्हा पाव म्हणजे पाव.

आता फक्त नवरा यायचा बाकी.

१७ सप्टेंबर

नेव्हचा मेसेज — "शनिवारी पाचपर्यंत पोचतो." एवढंच. मी उत्तर म्हणून आठ ओळी लिहिल्या, सहा पुसल्या.

२० सप्टेंबर

आला. बॅगा दारात टाकल्या, मला जवळ घेतलं, कोळशाचा वास अजून आहेच. मी कोळंबी भाजली, बिअर थंड केली होती. त्याची खुर्ची बरोबर दोन दगडांच्या मध्ये. हळूच आत जाऊन त्याच्या आवडीची जुनी गाणी लावली. बटण पावावर.

खिडकीतून बघत राहिले. काहीच नाही! मान वळली नाही, पाय हलला नाही. आंब्याला इथे सप्टेंबरात येणाऱ्या मोहोराकडे बघत कोळंबी सोलतोय. मागून विचारलं, "कसं वाटतंय?" उत्तर नाही. मला राग आला. बटण अर्ध्यावर नेलं. मग त्याच्याही पुढे. विन्स कुंपणावरून ओरडला, "डेलिस! मेलेली माणसं उठतील!"

मी जाऊन नेव्हच्या पुढ्यात उभी राहिले, कमरेवर हात ठेवून. त्याने वर बघितलं, दगडावर हात फिरवला, आणि इतक्या प्रेमाने म्हणाला — "छान आहेत गं. लावणार कधी?"

थट्टा! पहिल्याच संध्याकाळी! आत गेले, अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि धुवायच्या टॉवेलात तोंड घालून रडले.

२१ सप्टेंबर

थट्टा नव्हती.

सकाळी चहावर त्यानेच सांगितलं, माझ्या तोंडाकडे बघत. चार वर्षं झाली. डावा कान गेलाय, उजव्यात थोडंफार येतं, फोनवर काहीच नाही. "घरी आलो की तुझे ओठ वाचायचो. तू फार भरभर बोलतेस, डेल. अर्धं निसटायचं. आज पकडलं जाणार असं रोज वाटायचं. म्हणून जास्तीच्या पाळ्या. खाणीत कुणालाच ऐकू येत नाही, तिथे लाज नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?" तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा किंचाळले तेव्हा पोचलं.

"वाटलं, तुला कळलं की तू माझ्याशी बोलायचं सोडशील."

मी. बोलायचं सोडणार. मी!