आबांचा एकच शब्द

४ नोव्हेंबर

एकदाचे आलो मळवलीला. टेम्पोत आबांची लोखंडी खाट, दोन ट्रंका, गॅसची शेगडी आणि मध्ये उशांच्या गराड्यात स्वतः आबा, अशी आमची वरात खंडाळ्याहून निघाली. रस्ताभर आबा दिसेल त्याला "या, या" म्हणत होते. एका ट्रकवाल्यानं तर खरंच गाडी हळू केली.

ही वही स्पीच थेरपीच्या मॅडमनी दिलीय. आबा रोज काय बोलले ते तारखेनं लिहायचं. लिहिण्यासारखं फार नाही म्हणा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, त्यात आबांची उजवी बाजू गेली आणि सगळे शब्दही गेले. राहिला एक, "या". हॉटेलच्या फाटकावर तीस वर्षं उभं राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्यांनी तेवढंच म्हटलं, म्हणून तो अंगात मुरलेला असणार. पाणी हवं, या. कूस बदलायची, या. मलाही या. पोटच्या पोरीला कुणी अहोजाहो करतं का, असं मी चिडवते, मग डाव्या गालानं हसतात.

बंगला पुण्याच्या मालकांचा. शनिवार-रविवार पाहुणे येतात. मी इथली केअरटेकर, स्वयंपाकीण आणि झाडूवाली. मागची खोली आम्हाला. हॉटेलनं खोली काढून घेतल्यापासून आबांना कुठं ठेवू या काळजीनं माझा जीव अर्धा झाला होता. आज त्यांना खिडकीशी टेकवून बसवलं तर समोर लोहगड. आता इथून हलायचं नाही.

८ नोव्हेंबर

ओट्याखाली एक झुरळ दिसलं. चपलेनं मारलं आणि वर आबांना शौर्यकथा सांगितली. ते म्हणाले, "या."

शेजारच्या खाचरात झुंबरबाईंची भाताची झोडणी चाललीय. भांड्यांनाही त्याच येतात. साठीच्या आहेत, पण पेंढ्याचा भारा पिसासारखा उचलतात. जाताना इंद्रायणी तांदूळ देऊन गेल्या. मऊ भात शिजवून आबांना भरवला तर वाटीभर जास्त खाल्ला.

१४ नोव्हेंबर

झुरळं वाढली. बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून गोळ्या केल्या, कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या. मोरीच्या जाळीवर फडकं कोंबलं. उंबऱ्याला झुरळं मारायच्या खडूची रेघ मारली. गोळ्या तशाच आहेत. सकाळी रेघ मात्र पुसट झालेली होती.

रविवारच्या पाहुण्यांना काही दिसलं नाही. सगळी आमच्याच खोलीत.

१९ नोव्हेंबर

लोणावळ्याहून पेस्ट कंट्रोलचा माणूस आला. आबांना खाटेसकट ओसरीवर काढलं, चार तास दारं बंद. त्यानं ओटा उपसला, फ्रिजमागं बॅटरी मारली, मोरी बघितली. अंडी नाहीत, घाण नाही, घर कुठंच नाही. म्हणाला, ताई, ही इथं राहत नाहीत, बाहेरून येतात. कुठून, ते मात्र त्याला सांगता येईना.

मला आज दिसलं. दुपारी दोनला, लख्ख उन्हात. झुरळानं कसं मोरीतून यावं, भिंतीच्या कडेनं पळावं. ही समोरच्या दारातून आली. उंबऱ्यावर थांबली, मिशा हलवल्या, मग एकामागं एक आत. पाहुण्यांसारखी.

२३ नोव्हेंबर

झुंबरबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. औषधानं जातात ती निराळी, म्हणाल्या. ही घालवायची तर एक जिवंत धरायचं, काडेपेटीत घालायचं, इंद्रायणीच्या पल्याड सोडायचं आणि तोंडानं निरोप द्यायचा. पण एक सांभाळायचं. तेवढं मात्र त्यांनी माझा हात धरून सांगितलं.

"जा म्हनायचं, पोरी. आपल्याला सवय लय वंगाळ. निगतानाबी येतो म्हनतो, धाडतानाबी या म्हनतो. तितं या म्हनू नगंस."

मी दहावी पास बाई, असल्या गोष्टींना हसणारी. तरी काडेपेटी रिकामी केली.

२४ नोव्हेंबर

भलं मोठं धरलं. पेटी बंद करताना त्याचा मागचा एक पाय तुटला. पुलापल्याड जाऊन बांधावर सोडलं. खरंच सांगते, कुणाला तोंडावर जा म्हणणं किती अवघड असतं. जीभ आपोआप "ये" कडे वळत होती. शेवटी दात आवळून म्हटलं, जा. मागं बघितलं नाही.

घरी आले तर खोली स्वच्छ. एकही नाही. आनंदानं आबांसमोर उभी राहिले. आबा माझ्याकडं बघून हसले. मग माझ्या मागं बघितलं आणि म्हणाले, "या."

मी वळले. उंबऱ्यावर ते होतं. मागचा एक पाय नव्हता. त्याच्यामागं पायरीवर, अंगणात, फाटकापर्यंत...

मी बाहेर जा म्हणून येते आणि आबा घरात दिवसभर या म्हणतात. इतके दिवस माझ्या ध्यानात कसं आलं नाही.

२९ नोव्हेंबर

आबांच्या उजव्या पायाच्या नखांच्या कडा कुरतडल्यात. उजवी भुवई अर्धी गेलीय. त्या बाजूला त्यांना काही कळतच नाही. मी पाय पुसत रडत होते आणि ते माझ्या डोक्यावर डावा हात फिरवत होते.

डॉक्टर म्हणाले मच्छरदाणी लावा. लावली, कडा गादीखाली खोचल्या. सकाळी झुरळं मच्छरदाणीच्या आत होती. कडा खोचलेल्याच होत्या.

३ डिसेंबर

मालकांना फोन केला. खेड्यात झुरळं असायचीच म्हणाले. नाताळची बुकिंग झालीत, जमत नसेल तर सांगा, दुसरी बाई बघतो. जमतंय म्हटलं. आबांना घेऊन जाऊ कुठं?

झुंबरबाईंनी त्यांच्या पडवीत खाट टाकू दिली. आबा खुश, समोरच्या रस्त्यानं माणसं जाताना दिसतात. या, या, या. ऊन कलायच्या आत त्यांच्या तांदळाच्या कणग्या झुरळांनी काळ्या झाल्या. झुंबरबाईंनी हात जोडले. मी त्यांना दोष देत नाही. खाट परत आणली.

प्रश्न घराचा नाहीच. जिथं आबा बोलतील तिथं ती येणार.

७ डिसेंबर

आज मी आबांच्या तोंडावर हात ठेवला.

लिहायला लाज वाटते. पहिली दोन मिनिटं त्यांना मी खेळतेय असंच वाटलं. मग डोळ्यांतून पाणी आलं. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वॉर्डभर पेढे वाटले होते. त्यांच्याजवळ तेवढाच एक आहे आणि मी तो दाबून धरला होता.

हात काढला. म्हणाले, "या."

आली.

११ डिसेंबर

जा शिकवतेय. ज — जा. मॅडमनी दाखवलं तसं जीभ कुठं लावायची ते आरशात दाखवते. आबा जीव तोडून करतात. घाम येतो. ओठ वाकडे होतात, "ज्‌" पर्यंत येतात आणि —

"या."

आता ती पळत नाहीत. मारली तरी पळत नाहीत. खाटेभोवती बसून राहतात.

१५ डिसेंबर

शनिवारचे पाहुणे अर्ध्यात निघून गेले. मालकांचा फोन मी उचलला नाही.

उजव्या कानातून — चिमट्यानं सात काढली. आबांना कळलं नाही. मला बघून हसत होते.

१८ डिसेंबर

झाडू सोडला. किती झाडणार. झोप नाही. जेवण त्यांच्या तोंडात घालताना चमचा झाकून न्यावा लागतो.

आबा आता माझ्याकडं बघून "या" म्हणत नाहीत. माझ्या मागंच बघतात. घाबरलेत. घाबरून काही म्हणायचं तरी तोच शब्द —

२० डिसेंबर

डावा हातही दिसत नाही. वर बसलीत सगळी. जड असणार — उचलता येत नाहीये त्यांना —

ज. जा. आबा, म्हणा ना.

२१ डिसेंबर, सकाळ

फाटकाबाहेर रस्त्याच्या कठड्यावर बसलेय. वही हातातच राहिली. अँब्युलन्स लोणावळ्याहून निघालीय, वाट दाखवायला रस्त्यावर थांबा म्हणाले.

निघताना आबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या मागं नाही. माझ्याकडं. ओठ वाकडे केले, घाम आला, आणि म्हणाले —

"जा."

स्वच्छ. मॅडमना सांगायला हवं. आबा: जा.

आणि ती निघाली. अंगावरून, खाटेवरून, भिंतीवरून, रांगेनं उंबऱ्याबाहेर. मला रडू फुटलं. चप्पल घालताना तोंडून गेलं. घरातून निघताना कोण म्हणतं जाते, लहानपणापासून कुणी म्हणू दिलंय —

"येते हं, आबा."

रांग थांबली. वळली.

सगळी परत आत.

अँब्युलन्स नाही अजून. दहा मिनिटं म्हणाले होते, अर्धा तास —

आतून हाक येतेय. "ये."

"या" नाही. ये. लेकीला म्हणतात तसं. आबांना हा शब्द येत नाही. दोन वर्षांत एकदाही —

आणि आवाज एकाचा नाही. बारीक. खूप जणांचा.

मी येते म्हटलं होतं. आबा आत एकटे — एकटे नाहीत —

मी उठल्याचं आठवत नाही. पण फाटक जवळ आलंय. उंबरा — पाय थांबत

आले, आबा, आ