पाळीला कान लावून

गुरुजी, परवा तुमच्या शाळेत भाषण करून आलो. शूर कोणाला म्हणायचं, हे सातवीच्या मुलांना सांगायचं होतं. कोंड्याची पोती वाहता वाहता स्वतःची राइस मिल उभी केली म्हणजे मी शूरच, असा हेडमास्तरांचा समज. म्हटलं, सर, त्याला धंदा म्हणतात. पोरं हसली. मग मीच विचारलं, शूर कोण? एक म्हणाला सैनिक, दुसरा म्हणाला नागझिऱ्यात वाघासमोर उभा राहणारा गाईड. पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "काका, ज्याले भेवच लागत नाई, तो." तेव्हा मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली.

मी तुमच्या वर्गात होतो, त्या वर्षी तलाव काठोकाठ भरला होता आणि त्याचा मातीचा बांध, आपली पाळ, घुमत होती. पाळ घुमली की आपलं गाव नारळ फोडतं आणि तिकडे फिरकत नाही. पूर्वी पाळ टिकेना म्हणून एक माणूस जिता आत पुरला, तोच हुंकारतो, म्हणतात. तुम्ही मात्र आम्हाला रांगेनं तिकडेच नेताय. शिपाई आडवा येतो, "गुरुजी, पोट्टे कायले नेता जी? तो जागा हाये." तुम्ही म्हणता, "जागा असन तर भेटून येऊ." वर्गात माझेच कान तिखट, म्हणून तुम्ही मला उतारावर पालथं निजवता. ओल्या मातीला कान लावतो, तर आत कोणीतरी दातांतून श्वास ओढतंय. "भेव लागते का रे?" "लागते जी." "मलेबी लागून राहिलं. आता सांग, आवाज कुठून येते?" मी बोट दाखवतो. गवत बाजूला केलं तर खेकड्याचं बीळ, आणि त्यातून गढूळ पाणी. पाळ आतून पोखरत होती आणि खालच्या टोल्यावर, त्या वस्तीत, माणसं दारं लावून बसली होती. तुम्ही धोतर खोचून तलावात उतरलात, बिळाचं आतलं तोंड चाचपून धानाचं तणीस आणि चिकणमाती दाबलीत. पाणी थांबलं. मग तुम्ही स्वतः पाळीला कान लावलात, बराच वेळ. उठलात, टोपी काढून मातीला हात जोडलेत आणि म्हणालात, "काई नाई. चाला." आम्हाला वाटलं, गुरुजी देवाचे आभार मानतात.

एवढं सांगून झालं, तर तीच पोरगी उभी. "काका, पाळ आताबी घुमून राहिली. कालपासून. माय म्हणते, तिकडं गेलीस तर टंगडी तोडीन." आता सांगा, चहा पिऊन गाडीत बसावं की काय करावं? टोल्यावर यांचीच घरं. पोरं सोबत घेऊन गेलो. आवाजाच्या मागानं बीळ सापडलं, टोल्यावरच्या माणसांना हाका मारून बुजवून घेतलं, पाणी थांबेपर्यंत उभा राहिलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, पाहा, आत कोणी नाही, पाणीच होतं. भेव लागूनही जो पाहायला जातो, तो शूर.

आणि तुमच्यासारखाच पुन्हा कान लावला.

गुरुजी, मिलमध्ये पट्टा घसरायच्या आधी मला ऐकू येतं. पाण्याचा आवाज मी ओळखतो. हा पाण्याचा नव्हता. मी श्वास रोखला की तोही थांबायचा, मी सोडला की पुन्हा सुरू व्हायचा. तुम्ही हात कोणाला जोडले होते, ते मला तिथं, मातीत गाल टेकलेला असताना कळलं. तुम्हालाही ऐकू आलं होतं. आणि तरी तुम्ही दर पावसाळ्यात नवा वर्ग घेऊन तिथं जात राहिलात, कारण बिळं तर खरीच होती.

"गेला का जी आवाज?" पोरीनं विचारलं. मी म्हटलं, "काई नाई. चाला."

तुम्ही गेलात तिथलं पत्र घालायला कुठं पेटी नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो. उतरताना मी पोरांना पुढं घातलं आणि स्वतः शेवटी राहिलो. हेडमास्तर सगळ्यांना सांगत सुटलेत, पोरांची काळजी म्हणून सेठ मागं राहिले. तसं नव्हतं. दर चार पावलांनी मी मागं वळून पाळीकडं पाहत होतो, ते पोरांना दिसू नये, एवढंच.